पोच द्या : पुण्याच्या १६५ नगरसेवकांना खुलं पत्र

मा. नगरसेविका आणि नगरसेवक,
पुणे महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या महिन्यात एका सरकारी कार्यालयाच्या दारावर चिकटवलेला कागद वाचला. ‘निवेदने समक्ष स्वीकारली जाणार नाहीत. ऑनलाइन पाठवावीत.’ त्या दारासमोर धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या पाच-सहा बायका उभ्या होत्या. रेशनकार्डाबद्दलचं त्यांचं निवेदन माझ्याच दुकानात टाइप झालं होतं. त्यांच्यातल्या एकीकडेही ईमेल नाही. त्या दारातच बसल्या, तेव्हा “इथं बसायची परवानगी नाही, आंदोलन करायचं तर ठरलेल्या जागी जा” असं सांगून त्यांना उठवलं. त्या परत दुकानात आल्या आणि त्यांच्यातल्या थोरलीनं मला विचारलं, “ताई, मग आता द्यायचं तरी कुठं?”

मला उत्तर देता आलं नाही. ते कार्यालय तुमच्या अखत्यारीतलं नाही, हे मला कळतं. पण सगळी दारं बंद झाली की पुण्यातला माणूस पहिल्यांदा नगरसेवकाचंच दार वाजवतो, म्हणून तिचा प्रश्न तुमच्याकडे आणते आहे.

नवी पेठेत बावीस वर्षं माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आजूबाजूला अभ्यासिका, खानावळी, कॉट बेसिसच्या खोल्या. माझं निम्मं गिऱ्हाईक स्पर्धा परीक्षेची मुलं. उरलेल्यांत सोसायटीचे चेअरमन, पेन्शनवाले आजोबा, वस्तीतल्या बायका, संघटनांचे कार्यकर्ते. निवेदन द्यायला निघालेला माणूस कधीही एकच प्रत काढत नाही. एक द्यायला आणि एक स्वतःला. त्या स्वतःच्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्यायची. तिला आपण पोच म्हणतो. पोच म्हणजे काम होण्याची हमी नव्हे. मी अमुक दिवशी आले होते, माझं म्हणणं तुमच्या टेबलावर आहे, ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ असं उद्या तुम्हाला म्हणता येणार नाही, एवढंच ती सांगते. लोक या पोचा लॅमिनेट करून जपून ठेवतात. मी स्वतः करून दिल्या आहेत.

ऑनलाइन मोहिमेनं राजकारण बदलतं की रस्त्यावरच्या आंदोलनानं, हा वाद माझ्या काउंटरवर रोज होतो. मला विचाराल तर दोन्हीकडचा माणूस एकच गोष्ट मागायला निघालेला असतो. त्याला पोच हवी असते. ती कुठेच मिळेनाशी झाली आहे, ही माझी तक्रार आहे.

माझ्यावर गुदरलेलं आधी सांगते.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही राहतो त्या भागातली पाच जुनी झाडं रस्त्यासाठी काढायचं ठरलं. बुंध्यांवर कागद लागले, सात दिवसांत हरकती नोंदवा. मी त्याच रात्री फोटो जोडून सविस्तर ईमेल केला. उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी समक्ष गेले, तर “ऑनलाइन दिलंय ना, मग पुन्हा कशाला आलात?” सुनावणीला गेले, तर यादीत माझं नाव नाही. “ईमेल धरत नाही, सहीचं पत्र लागतं.” मग आम्ही सव्वीस जणांनी ठरवलं की रविवारी सकाळी साडेसातला फलक घेऊन त्या झाडांखाली अर्धा तास उभं राहायचं. घोषणा द्यायच्या नाहीत, रहदारीच्या आड यायचं नाही. व्हॉट्सॲपच्या गटावर मी तसा निरोप टाकला. शनिवारी संध्याकाळी दुकानात नोटीस आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची. कायदा आणि सुव्यवस्था बिघडली तर मला जबाबदार धरलं जाईल, असं तिच्यात होतं. माझ्या सासऱ्यांचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी ती नोटीस तीनदा वाचली आणि विचारलं, “सूनबाई, असं काय केलंस तू?”

रविवारी सव्वीसपैकी अकरा जण आले. बाकीच्यांना मी दोष देत नाही, त्यांच्याही घरी सासरे आहेत. सुनावणीत काय ठरलं ते आम्हाला आजपर्यंत कळवलेलं नाही. झाडं चालली, हे करवतीच्या आवाजावरून समजलं. या सगळ्या प्रकरणात सरकारी बाजूनं माझ्याकडे आलेला कागद एकच, ती नोटीस. आणि तिची पोच म्हणून माझी सही मात्र घेतली गेली.

तेव्हा तुम्ही सभागृहात नव्हता. कुणीच नव्हतं. १४ मार्च २०२२ ला आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. मधली जवळपास चार वर्षं शहर प्रशासकांच्या हाती होतं. मुळा-मुठा नदीकाठ सुधार प्रकल्प ४४ किलोमीटरचा आहे. त्याची पायाभरणी ६ मार्च २०२२ ला झाली आणि पुढच्या आठ दिवसांत, त्याबद्दल जाब विचारू शकेल असं सभागृहच उरलं नाही. म्हणून २०२३ च्या एप्रिलमध्ये काय झालं ते आठवा. १५ तारखेला वेताळ टेकडी वाचवायला हजारो माणसं चालली आणि दोन आठवड्यांनी, २९ तारखेला, नदीसाठी संभाजी बागेपासून पुन्हा हजारो. त्यांत आयुष्यात पहिल्यांदा मोर्चात आलेली कितीतरी माणसं होती, पाळण्यातली पोरं कडेवर घेऊन आलेल्या आया होत्या. हाक फोनवरून गेली होती आणि माणसं पायी आली होती. ज्या शहरात चार वर्षं नगरसेवकच नव्हता, तिथे फोनचा पडदा आणि रस्ता ही दोनच दारं लोकांना उरली होती. त्या दोन्ही दारांवर काय उत्तर मिळतं, ते मी वर लिहिलं आहे.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

सगळ्यांत मोठी ही, की कागदाला उत्तर मिळत नाही आणि वादळाला एका रात्रीत मिळतं.

११ मार्च २०२१ चा दिवस मी विसरू शकत नाही. रविवारी, १४ तारखेला, राज्यसेवेची पूर्वपरीक्षा होती. मुलं हॉल तिकिटाच्या प्रती काढायला येत होती. तेवढ्यात एकाच्या फोनवर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं परिपत्रक आलं, परीक्षा पुढे ढकलली. एप्रिल २०२० पासून ती परीक्षा पुढेच जात होती. ते परिपत्रक टेलिग्रामच्या गटांतून बघता बघता सगळ्या अभ्यासिकांत पोचलं आणि शास्त्री रस्ता माणसांनी भरून गेला. नेता कुणी नव्हता. एक मुलगी धापा टाकत दुकानात आली, “काकू, कार्डशीट आहे का? आणि जाड मार्कर?” होतं तेवढं सगळं मी तिला दिलं. खोलीचं भाडं थकलेलं, वय उलटत चाललेलं, गावाकडून ‘झालं का रे?’ असे फोन येणारे, असे ते चेहरे मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. त्यांनी त्याआधी वर्षभर निवेदनं दिली होती. त्यांतली कितीतरी माझ्याच मशीनवरून निघाली होती. हॅशटॅगही चालवले होते. वर्षभर कुणी हूं की चूं केलं नाही. रस्ता भरला त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांना बोलावं लागलं, आठ दिवसांत परीक्षा होईल असं जाहीर झालं, आणि २१ मार्चला ती झाली.

पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये तेच. मुख्य परीक्षेत पर्याय निवडण्याऐवजी सविस्तर उत्तरं लिहायची वर्णनात्मक पद्धत लगेच नको, म्हणून मुलं दिवसरात्र बसली आणि आयोगानं ती २०२५ पासून लागू करण्याचं जाहीर केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा तेच. २५ तारखेला दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या, मुलं पुन्हा शास्त्री रस्त्यावर आली आणि २२ तारखेला आयोगानं आपली परीक्षा पुढे ढकलली. दोन परीक्षा एका दिवशी आल्या आहेत, हे दाखवायला एक ईमेल पुरायला हवा होता.

कल्याणीनगरचंही तसंच झालं. १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला, तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर. ती अट देशभर फोनाफोनी फिरली, लोक खवळले आणि तीन दिवसांत बाल न्याय मंडळानं आदेश बदलून त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. रक्ताचे नमुने बदलल्याचं उघडकीला आलं तेही त्यानंतरच. लोक खवळले नसते तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि हे फोन आल्यावर सुरू झालं असंही नाही. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर जवळपास दोन दशकं मसुदे, सभा आणि निवेदनं घेऊन फिरत होते. २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला आणि चार दिवसांत वटहुकूम निघाला. दोन दशकं पडून राहिलेल्या कागदावर सही व्हायला एका माणसाचं रक्त सांडावं लागलं. हे लिहिताना आजही माझा हात जड होतो.

रस्ता अडतो तेव्हा रुग्णवाहिका अडकते, पीएमपीच्या बसमध्ये बसलेली बाई अडकते, माझ्या दुकानाचंही शटर खाली येतं. मला ते आवडत नाही. पण शांतपणे दिलेल्या कागदाकडे बघायचं नाही आणि रस्ता बंद झाला की धावत यायचं, असं वर्षानुवर्षं चाललं तर मुलं काय शिकतील? वादळ करायला तुम्हीच त्यांना शिकवता आहात. ‘तुम्ही’ म्हणजे तुम्ही १६५ जणच नव्हे. खुर्चीवर बसलेले सगळे.

शिवाय वादळातून तारीख बदलते, व्यवस्था क्वचित बदलते. २०१५ मध्ये विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले विद्यार्थी अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध १३९ दिवस संपावर होते. जगभरातून त्यांना ऑनलाइन पाठिंबा आला, तरी नेमणूक कायम राहिली. २०११ मध्ये मिस्ड कॉल देऊन लाखो लोक भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात आले, आमच्या पेठेत मेणबत्त्या संपल्या होत्या. लोकपालचा कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि पहिला लोकपाल नेमला गेला मार्च २०१९ मध्ये. गर्दी घरी गेल्यावर कागद कोण हलवतो, तिथेच सगळं अडतं.

दुसरी तक्रार हरकती-सूचनांबद्दल.

२०१३ मध्ये जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर पुणेकरांनी ८७ हजारांवर हरकती आणि सूचना दिल्या. त्या दिवसांत माझी दोन्ही मशीन थंड होत नव्हती. लोक नकाशे घेऊन यायचे, आपल्या घरासमोरच्या बागेच्या आरक्षणावर बोट ठेवून मला समजावून सांगायचे. शहरावर इतकं बारकाईनं प्रेम करणारी माणसं मी एरवी पाहिली नाहीत. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारनं तो आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. माझ्या दुकानातून हरकत घेऊन गेलेले लोक नंतर कितीतरी दिवस विचारायला यायचे, “आमच्या कागदाचं काय झालं, काही कळलं का?” त्यांना वाटायचं, झेरॉक्स काढली म्हणजे मला माहीत असणार.

लोकांच्या म्हणण्याला उत्तर मिळू शकतं, असं दाखवणारं उदाहरणही आपल्याच देशात आहे. २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणानं इंटरनेटवरच्या सेवांच्या नियमांबद्दल लोकांचं मत मागवलं. काही तरुणांनी त्यातल्या वीस प्रश्नांची उत्तरं सोप्या भाषेत तयार करून दिली आणि दहा लाखांवर ईमेल गेले. रस्त्यावर फारसं कुणी आलं नव्हतं. तरीही, दरांबद्दल पुन्हा मत मागवून, ८ फेब्रुवारी २०१६ ला प्राधिकरणानं इंटरनेटवर काय बघता त्यानुसार वेगवेगळे दर लावण्याची पद्धत बंद केली आणि आदेशात कारणंही लिहिली. ‘घरबसल्या बटण दाबून काय होतं?’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. तिथे मत मागवणारा अधिकारी होता, पत्ता होता, मुदत होती, आणि आलेल्या म्हणण्याचा विचार करून निर्णय दिला गेला. ईमेलला पोच होती.

तिसरी तक्रार नोटिशींची. मला आली ते कलम १४९ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६८ झालं आहे. आकडा बदलला, पण दारात पोलीस आल्यावर घरात पसरणारी शांतता तीच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली काढलेला जमावबंदीचा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कायदा करणाऱ्यांनी ही मर्यादा विचार करूनच घातली असणार. पण एक आदेश संपला की दुसरा काढायचा म्हटलं, तर ती मर्यादा कागदावरच राहते. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं आहे की जमावबंदीचं कलम १४४ लोकांचं रास्त म्हणणं दडपायला वापरता येणार नाही. फोनवर लिहिणाऱ्यांचं म्हणाल, तर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. त्यातून सुरू झालेल्या खटल्यात २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द झालं. कायदा आमच्या बाजूनं आहे. त्याची भीती मात्र आम्हालाच दाखवली जाते.

चौथी तक्रार त्या पाच-सहा बायकांची आहे. ऑनलाइन हे आणखी एक दार असायला हवं होतं. ते एकमेव दार केलंत तर ज्यांना ते उघडता येत नाही, त्यांनी कुठे जायचं? कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ मध्ये याच शहरात आपली पंचायत उभी केली आणि पहिल्यांदा मागितलं ते ओळखपत्र. हमाल पंचायतीपासून बाबा आढावांनी हेच शिकवलं, की ज्याचं नाव कुठल्याच नोंदीत नाही, त्याची आधी नोंद व्हायला हवी. आज त्याच कष्टकऱ्यांना ओटीपीपाशी अडवलं जातं आहे.

तुमच्यापैकी काहींना वाटेल, मोबाइल आल्यापासून आंदोलनं वाढली. तसं काही नाही. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट मावळातल्या शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले, तेव्हाही पुण्यातल्या छापखान्यांतला कागद आणि मुळशीतला चिखल यांची साथ होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी एस. एम. जोशी रस्त्यावर होते आणि अत्र्यांचा ‘मराठा’ घराघरांत जात होता. तेव्हा छापील कागद होता, आता फोन आहे. हाक एकीकडून जाते आणि वजन दुसरीकडून येतं.

मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते २०१८ च्या मार्चमधलं. नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी सहा दिवस चालत मुंबईला आले. तोवर त्यांच्या मागण्या, वनजमिनीचे पट्टे, किती जणांना माहीत होत्या? मग फुटलेल्या टाचांचे, सोललेल्या तळव्यांचे फोटो फोनवर आले. माझ्या दुकानातल्या एका मुलीनं तसा एक फोटो छापून मागितला आणि तो बघताना ती रडली. तिची आजी त्यात चालत होती. मुंबईत लोक पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यात उभे राहिले. सकाळी दहावीच्या मुलांचा पेपर होता, म्हणून ते थकलेले पाय रात्रीतच आझाद मैदानापर्यंत चालत गेले. आणि तिथून ते उठले ते सरकारकडून लेखी आश्वासन घेऊनच. ते पाळलं गेलं नाही म्हणून त्यांना २०१९ मध्ये आणि २०२३ मध्ये पुन्हा निघावं लागलं. पण हातात कागद होता, म्हणून ‘हे तुम्ही लिहून दिलं होतं’ असं तरी म्हणता आलं.

गेल्या वर्षी पहिलीपासून हिंदीच्या निर्णयाचंही आपण पाहिलं. शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ चा, दुरुस्ती १७ जूनची. मराठी अभ्यासक, शिक्षक, पालक, लेखक लिहीत राहिले, सह्या गोळा करत राहिले, व्यासपीठांवरून बोलत राहिले. मग ५ जुलैच्या मोर्चाची घोषणा झाली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. मोर्चा काढावाच लागला नाही. पण लोक येणार, हे फोनवरून आधीच दिसलं होतं.

तुमची भीती मला कळते. २ जून २०१४ ची रात्र मी विसरलेले नाही. फेसबुकवरच्या विकृत चित्रांवरून शहर पेटलं आणि हडपसरमध्ये एका तरुण संगणक अभियंत्याला जमावानं मारून टाकलं. त्याचा त्या चित्रांशी काहीही संबंध नव्हता. तेव्हाही निरोप फोनवरूनच गेले होते आणि माणसं रस्त्यावरच आली होती. म्हणून मी कुठल्याही गर्दीला आंदोलन म्हणत नाही. पण दोन्हींतला फरक ओळखणं अवघड नसतं. मारायला निघालेल्या जमावानं कधी माझ्याकडून निवेदनाच्या तीन प्रती काढून नेल्या नाहीत. जो माणूस आपलं नाव, पत्ता, सही लिहून मागणी करतो, तो कायद्याच्या आत राहूनच बोलायला आलेला असतो. त्याला आणि त्या जमावाला एकाच कलमाखाली आणू नका. आणि दार बंद करणं हा उपाय नाही, हे शेजारी पाहा. नेपाळच्या सरकारनं ४ सप्टेंबर २०२५ ला २६ समाजमाध्यमं बंद केली, ८ तारखेला तरुण रस्त्यावर आले, ९ तारखेला पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. त्यात सत्तरहून अधिक माणसांचे जीव गेले. तशी वेळ कुठल्याही गावावर येऊ नये.

आता मागण्या.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची. नागरिकाचं निवेदन किंवा हरकत ईमेलनं आली, ॲपवर आली, टपालानं आली की हातात आली, तिला त्याच दिवशी आवक क्रमांक द्या. सही नाही म्हणून ईमेल बाद नको आणि ईमेल आहे म्हणून माणूस बाद नको. ज्याला लिहिता येत नाही, त्याचं म्हणणं खिडकीवर लिहून घ्यायला एक माणूस बसवा. सुनावणी झाली की किती हरकती आल्या, कोणत्या मुद्द्यांवर, कोणत्या मानल्या, कोणत्या नाकारल्या आणि का, असा तक्ता मराठीत प्रसिद्ध करा, तोही काम सुरू होण्याच्या आधी. एकाच मजकुराचे हजार ईमेल आले तर ते हजार माणसांचे धरा. सह्यांच्या निवेदनाला जो मान देता, तोच त्यांना द्या.

कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. मतदारांनी नगरसेवकासमोर बसून बोलायचं, त्याची नोंद व्हायची. माझ्या प्रभागात अशी एकही सभा मी आजवर पाहिली नाही. तुमच्यातल्या प्रत्येकानं पहिल्या वर्षातच ती घ्यावी, तारीख आधी जाहीर करावी, आणि सभेचं इतिवृत्त प्रभागात लावावं.

निदर्शनांसाठी शहराच्या मध्यात एक जागा द्या. रस्ता बेमुदत अडवू नये, ठरवून दिलेल्या जागी बसावं, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये म्हटलं आहे आणि ते मला मान्य आहे. पण मग ती जागा माणसांनी बसण्यासारखी हवी. डोक्यावर सावली, प्यायला पाणी, बायकांसाठी दार लागणारं स्वच्छतागृह. जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेरच्या पदपथावर दोन-दोन दिवस बसलेल्या अंगणवाडीताई मी पाहिल्या आहेत. स्वच्छतागृहाला जावं लागू नये म्हणून त्या पाणीच पीत नव्हत्या. आणि ती जागा शहराबाहेर, कुणाला दिसणार नाही अशी नको.

पोलीस तुमच्या हाताखाली नाहीत. पण मुख्य सभेला ठराव करता येतो. शांततेनं, वेळ आणि जागा कळवून होणाऱ्या कार्यक्रमांच्या आयोजकांना आदल्या संध्याकाळी नोटिसा देऊ नयेत आणि अशा कार्यक्रमांवरून झालेले गुन्हे मागे घ्यावेत, असा ठराव करा आणि राज्य सरकारला पाठवा. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत असा एक गुन्हा निघाला की मुलांची वर्षं वाया जातात. ती मुलं रोज माझ्यासमोर उभी असतात.

आणि ‘फक्त ऑनलाइन’ असा कागद तुमच्या एकाही कार्यालयाच्या दारावर लागणार नाही, एवढं पाहा.

या पत्राच्या १६६ प्रती मी काढल्या आहेत, पाठपोट. येत्या सोमवारी दुपारी त्या घेऊन महापालिका भवनात नगरसचिवांच्या कार्यालयात येईन. त्या पाच-सहा जणींपैकी ज्यांना सुट्टी मिळेल त्या बरोबर असतील. १६५ प्रती तुमच्या. उरलेल्या एका प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही हवी आहे.

आपली,
नवी पेठेतली एक मतदार